डोरीन मॅडमची काजळी

टॉवेलवर आठ वाघिणी ओळीने वाळत होत्या. प्रत्येकीच्या कपाळाला हळदीकुंकवाचं बोट, पुढ्यात झेंडूचं फूल. शेजारी प्रकाशचे ब्रश, चिमटे आणि स्प्रेगन धुऊनपुसून मांडलेले. तो नुकताच फॅक्टरीतून आला होता. एक बूट अजून पायातच होता.

"हे कोणी धुतलं?"

"कोणी म्हणजे? मीच," शोभना म्हणाली. "खंडेनवमी नाही का आज? हत्यारं धुतली, तशा गाड्याही धुतल्या. बेबी शाम्पू आणि टूथब्रश घेऊन दोन तास बसले होते. काय घाण होती हो! बादलीभर काळं पाणी निघालं."

प्रकाश तसाच, एका बुटानिशी, खुर्चीत बसला.

या वाघिणी म्हणजे विलायतेतल्या जुन्या कोळशाच्या मालगाडीच्या डब्यांचे बोटभर लांबीचे नमुने. मालक आखातातल्या फुजैराचे हॉल्डन साहेब. तेलाच्या टर्मिनलवर इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले आणि एका अख्ख्या खोलीत रूळ टाकून खेळत बसले. प्रकाश इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅक्टरीत सत्तावीस वर्षं रंग जुळवत होता. नखाएवढा तुकडा दिला तरी तो हुबेहूब रंग काढून द्यायचा. सहा वर्षांपूर्वी साहेब असाच एक तपकिरी टवका खिशात घेऊन आले, आणि तेव्हापासून त्यांच्या गाड्यांची रंगरंगोटी प्रकाशकडे आली. विलायत त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण तिथे ब्रेकची वाघीण तांबूस तपकिरी आणि बिनब्रेकची करडी असायची, हे तो घरी आलेल्या पाहुण्यांना चहा गार होईपर्यंत ऐकवायचा. पाहुणे बिचारे माना डोलवायचे.

मात्र नव्या रंगाची वाघीण खोटी दिसते. कोळसा वाहणारी गाडी लख्ख कशी असेल? म्हणून हे शौकीन लोक रंग झाला की ती मुद्दाम मळवतात. साहेबांकडे हे काम त्यांच्या बायकोचं, डोरीन मॅडमचं. गालाला लाली लावायच्या ब्रशने त्या काजळी आणि गंजाच्या रंगाची पूड लावायच्या. वर वार्निश नाही, काही नाही. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. या वेळी दोन वाघिणींचे पुसट झालेले नंबर तेवढे नव्याने घालायचे होते. डबा देताना साहेबांनी बजावलं होतं, की काजळीला हात लावू नकोस, ती डोरीनची आहे.

हे प्रकाशने घरात सांगितलंच नव्हतं. चूक तिथे झाली होती, हे त्याला कळत होतं. तरी तो शोभनावर ओरडलाच. आणि सगळं ऐकल्यावर ती अशी रडली, की त्याला आपल्या ओरडण्याची लाज वाटली.

"मेलेल्या बाईच्या हातचं पुसलं हो मी."

"बाबा, यू हॅव फोटोज, राइट?" ईश्वरी सोफ्यावरून म्हणाली. "यू मॅच कलर्स फॉर अ लिव्हिंग. ही वोन्ट इव्हन नो."

फोटो होते. नंबर टिपून घेण्यासाठी त्याने आठही वाघिणींचे चारी बाजूंनी फोटो काढले होते. शनिवार-रविवार तो भिंग लावून बसला. कुठे काजळी दाट, कुठे गंजाचा ओघळ, कुठे मॅडमचा ब्रश घसरलेला. सगळं जसंच्या तसं उतरवलं. सत्तावीस वर्षांत इतकं चोख काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. अभिमानही वाटला, आणि अभिमान वाटतो म्हणून चोरट्यासारखंही झालं.

पुढच्या शनिवारी दोघं फुजैराला निघाली. डोंगर लागले तशी शोभना म्हणाली, "सांगणार आहात?"

"बघू."

"बघू काय? त्यांची नजर अधू झालीय, तुम्हीच म्हणता. सांगून म्हाताऱ्या जिवाला दुःखच द्यायचं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण मला झोप लागत नाहीये हो."

साहेबांनी डबा खिडकीशी नेला. पहिली वाघीण डोळ्यांजवळ धरली, नंबर पाहिला, खूश झाले. मग तिच्या कुशीवरून हळूच बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोटाला काळं लागलं होतं.

"बघ," ते हसून म्हणाले, "डोरीन अजून बोटाला लागते."

इथे गप्प बसलं तर जन्मभर गप्पच बसावं लागणार होतं.

"सर, ती काजळी माझी आहे," प्रकाश म्हणाला. "मॅडमची धुतली गेली. सगळी."

"सर, आय वॉश," शोभना पुढे झाली. "अवर फेस्टिव्हल. मिस्टेक माय. हिज नो."

साहेब स्टुलावर बसले. रुमाल काढून त्यांनी बोट पुसलं.

"सणाला गाड्या का धुता?" त्यांनी विचारलं.

प्रकाशने सांगितलं, की ज्यावर पोट चालतं ते वर्षातून एकदा धुऊन पुजायचं, असा रिवाज आहे. साहेबांनी ते नीट ऐकून घेतलं. मग एकेक करून आठही वाघिणी पाहिल्या.

"काम सुरेख आहे," ते म्हणाले. "मला कधीच कळलं नसतं. आता हेही धुशील का? ती नाही, तर दुसऱ्या कोणाची नको."

प्रकाश 'यस सर' म्हणाला.

स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तो आपलं दोन दिवसांचं काम धूत उभा राहिला. शोभना एकेक वाघीण पुसून साहेबांच्या हातात देत होती. खालून करडा रंग निघाला, तपकिरी निघाला, सहा वर्षांत त्यानेच लावलेला. साहेब त्या रुळावर जोडत होते.

शेवटची उरली तेव्हा त्यांनी तिच्या कुशीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोट कोरं होतं. त्यांनी वाघीण सात जणींच्या मागे जोडली आणि गाडी सुरू केली.