फ्लॉरेन्सला जाणाऱ्यांसाठी

मस्कतच्या मराठी घरांतून कुणी इटलीला निघालं की मला फोन येतो. शहाऐंशी साली ह्यांच्या कंपनीने ह्यांना फ्लॉरेन्सजवळच्या एका कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. हे आठवडाभर तिकडे आणि मी शहरात, नन्सच्या वसतिगृहात. भाषा येत नव्हती, काम नव्हतं, म्हणून दिवसभर हिंडायची. ते गाव मला माहेरच्या ठाण्यापेक्षा जास्त पाठ आहे. आता हे नाहीत, पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, शिरीषने, मला पुन्हा तिकडे नेऊन आणलं. तेव्हा माझी माहिती अगदीच शिळी नाही.

त्यामुळे मे महिन्यात किशोरीने बोलावलं तेव्हा मी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आनंदाने गेले. मस्कतमधल्या अल् घुब्रात आमच्या मागच्याच इमारतीत ती राहते. तिचा निशांत लहानपणी शाळेतून थेट माझ्याकडे यायचा. आता तो आणि त्याची बायको पूर्वा पहिल्यांदाच युरोपला निघाले होते.

"सुगंधाताई, ह्यांना एकदा सगळं सांगून टाका," किशोरी म्हणाली. "नाहीतर हा तिथे जाऊनही मॉलच शोधेल."

मी सांगत सुटले. चर्चमध्ये खांदे झाकून जा. बरीच चर्चेस दुपारी बंद असतात, तेव्हा जेवून घ्या. कॉफी उभ्याने प्या, टेबलाशी बसलात की भाव वाढतो. तिथल्या पावाला मीठ नसतं, नाक मुरडू नका. चित्रं सगळी बघायचा हट्ट नको, दोन-तीन चित्रांसमोर नीट उभे राहा.

"खांद्यांची काळजी नको काकू," निशांत हसत म्हणाला. "आमची पूर्वा कायम झाकलेलीच असते."

ते खरं होतं. मस्कतचा मे महिना, आणि तिच्या बाह्या मनगटापर्यंत.

"काकू, नन्सच्या त्या वसतिगृहात एकट्या बाईला राहू देतात?" पूर्वाने विचारलं. "किती दिवस?"

"तुला कशाला हवंय ते? फोर स्टार बुक केलंय मॅडमसाठी," निशांत म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "हिला काहीही प्रश्न पडतात."

तेवढ्यात फोन वाजला. फोन पूर्वाचा होता, पण तो निशांतच्या खिशातून निघाला. त्याने नाव बघितलं, आवाज बंद केला आणि फोन पुन्हा खिशात टाकला. किशोरी चहा गाळत होती.

मी घरी आले ती अस्वस्थ होऊनच. फ्लॉरेन्सला जाणारे आजवर कितीतरी जण मला भेटले. कुणी चामड्याच्या पर्सेस विचारतं, कुणी शाकाहारी जेवण. नन्स किती दिवस राहू देतात, हे कुणीच विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी पूर्वा डबा परत करायला आली. निशांत खाली गाडीत थांबला होता. ओट्यावर डबा ठेवताना तिची बाही वर सरकली. मनगटाच्या वर बोटांचे वळ होते, पिवळे पडत चाललेले. तिने बाही खाली ओढली नाही.

"तुझ्या आईला सांगितलंस?" मी विचारलं.

"दिवाळीत गेले होते. बाबांनीच परतीचं तिकीट काढलं. म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून कुणी संसार मोडतं का?"

"आणि किशोरी?"

"आईंना भिंतीपलीकडून ऐकू येतं, काकू. त्या टीव्हीचा आवाज मोठा करतात."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"माझी मैत्रीण अस्मिता तिथे जवळच, बोलोन्यात शिकते," ती भराभर बोलत होती. "शेजारच्यांच्या फोनवरून बोलते मी तिच्याशी. फ्लॉरेन्स स्टेशनवर येऊन थांबते म्हणालीय. तिने वकीलही बघून ठेवलाय. पण माझा पासपोर्ट ह्याच्याकडे असतो, आणि हा मला क्षणभर एकटी..."

खाली हॉर्न वाजला. ती निघून गेली.

इकडे आखातात पासपोर्टचं आम्हां बायकांना नवल वाटत नाही. एके काळी ह्यांचा पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, तिजोरीत असायचा आणि पुढे आमचे दोघांचे ह्यांच्या कपाटात. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एका पाऊचमध्ये, आणि पाऊच घरच्या पुरुषाकडे. मी माझा कधी मागितला नाही. मागायची वेळच आली नाही, हे माझं नशीब.

किशोरीशी बोलावं, असं शंभरदा मनात आलं. हे गेले तेव्हा पहिले कितीतरी दिवस तिने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना जेवायला घातलं होतं. ती किशोरी आणि टीव्हीचा आवाज वाढवणारी किशोरी एकच, हे मला पचत नव्हतं. पण तिला सांगितलं असतं, तर ती खरंखोटं करायला निशांतकडेच गेली असती.

शेवटी मीच निशांतला फोन केला.

"अरे, एक सांगायचं राहिलं. तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढल्याशिवाय येऊ नकोस. तिकीट आधी काढ, त्यावर नाव असतं. दारात पासपोर्ट बघतात. ज्याचा त्याच्या हातात हवा, एकाने दोघांचे दाखवलेले चालत नाहीत."

"असं का?"

"फार कडक असतात ते. आणि जिना अगदी अरुंद. एकदा चढायला लागलं की मागे फिरता येत नाही."

ह्यातलं निम्मं खरं होतं. ह्या वयात मी इतकं सराईतपणे बोलू शकते, ह्याचीच मला भीती वाटली.

"थँक्यू काकू. तुम्ही म्हणजे चालतंबोलतं गाईडबुक!"

ते निघायच्या आदल्या दिवशी मी किशोरीकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पूर्वा, जिन्याने गुदमरायला झालं तर दारातूनच मागे फिर हो. ह्याला वर जाऊन यायला तासभर तरी लागेल. जवळपास फिरून ये. स्टेशनसुद्धा तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण तिकडे गर्दी फार."

"लक्षात ठेवीन काकू," ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. निशांत बॅगेला कुलूप लावत होता.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, किशोरी अनवाणी माझ्या दारात आली. हातातला फोन चालूच होता.

"सुगंधाताई, पूर्वा हरवली हो! जिन्यापाशी म्हणाली, मला गुदमरतंय, मी खाली थांबते. हा उतरून बघतो तर कुठेच नाही. तिचा फोनही ह्याच्याचकडे आहे, पासपोर्ट तेवढा दारात तिच्या हातात दिला होता म्हणे."

"काकू," फोनमधून निशांतचा आवाज आला. "तुम्हाला गल्ली न् गल्ली माहितीये. कुठे गेली असेल? स्टेशन बघून येऊ?"

किशोरीने माझा हात घट्ट धरला. "सांगा ना हो. लेकीसारखी आहे ती माझी." तिला ते खरंच तसं वाटत होतं. तिच्या तोंडाकडे बघून मला कळत होतं.

अस्मिता भेटली असेल का? गाडीत बसल्या असतील, की अजून फलाटावर उभ्या असतील? मला काहीच माहीत नव्हतं.

"स्टेशनवर कशाला जाईल ती?" मी म्हणाले. "तू नदीकडे जा. जुन्या पुलावर सोनारांची दुकानं आहेत, बायका तिथेच रेंगाळतात. तिथे नसली तर पूल ओलांडून पलीकडची टेकडी चढ. सगळे फोटो काढायला तिथेच जातात."

"लांब आहे?"

"आहे थोडी. पण पाऊल उचल."

किशोरीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "तुम्ही आहात म्हणून धीर आहे," ती म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. फोन तसाच चालू होता. निशांत धापा टाकत नदीच्या दिशेने पळत होता.