मी न फवारलेला कोपरा

मित्रांनो, आधी जरा लांब सरका. मी एक जुना फवारणी पंप आहे, पाठीवर घ्यायचा, आणि माझ्या अंगाचा वास कितीही धुतला तरी जात नाही. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीला मला टांगून ठेवलेलं असतं. मांजरसुद्धा माझ्या सावलीत बसत नाही. शहाणी आहे ती.

माझा जन्म कारखान्यातला. निळं प्लॅस्टिक वितळवून टाकी केली, आत दट्ट्या बसवला, बाजूला दांडी, मागे दोन पट्टे, पुढे लांब नळी आणि नळीच्या टोकाला नोझल, म्हणजे माझं तोंड. तिथून निघताना मला वाटलं होतं, आपण फुलझाडांना पाणी घालणार. काय म्हणावं या भाबडेपणाला! दुकानात पोचलो तर शेजारच्या फळीवर औषधाच्या बाटल्या आणि त्यांच्यावर कवटीची चित्रं. तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

मला दोघी जावांनी विकत घेतलं. दोघींचे नवरे ट्रकवर असायचे, त्यामुळे भाताची शेती या दोघीच बघत. थोरली बोलायला फटकळ, कामाला वाघ, पण धीर म्हणाल तर नावाला नाही. चहा उकळायच्या आत गाळणारी बाई. धाकटी मवाळ. कमी बोलायची, आणि तिच्या पोटातलं तिच्या ओठांवर सहसा यायचं नाही. थोरलीने मला पाठीवर घेतलं की मी नुसता फुगायचो. शेजारच्या शेतकऱ्याला सगळे तोफखाना म्हणत, कारण शेतात एक पाखरू उडालं की हा गडी औषध घेऊन सुटलाच. तो म्हणायचा, "पंप असावा तर वहिनींच्या पंपासारखा! एका फवाऱ्यात रान साफ." मग काय, मी स्वतःला सेनापतीच समजू लागलो. स्तुती कोणाला कडू लागते हो?

धाकटीचं एक खाचर मात्र वेगळं होतं. त्यात ती माहेरचं भात लावायची. बारीक दाण्याचं, वासाचं. तिची आई वारली, माहेरची जमीन धरणाच्या पाण्यात गेली आणि ते वाण आता आणखी कुणाकडेच उरलं नाही. जुनं बी ठेवून उपयोग नव्हता, ते उगवत नाही. दरवर्षी लावायचं, दरवर्षी त्यातलंच राखायचं. एकदा पीक बुडालं की संपलं, मागायला दार नाही. त्या खाचरात मला कधी नेलं नव्हतं. मला त्याचा थोडा रागच यायचा.

त्या वर्षी धाकटीच्या लेकीचं बाळंतपण आलं, आणि भात नुकतं फुटायला लागलेलं असताना तिला लेकीकडे जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "जाऊबाई, माझ्या खाचरात पंप नेऊ नका हं. काही वाटलंच तर आधी फोन करा."

"बरं बाई, हात लावत नाही. जा तू, नातवंडाचं तोंड बघ!"

आणि थोडे दिवस गेले नाहीत तोच त्या खाचरातली काही पानं सुरळीसारखी गुंडाळली. अळी आत बसून पानाचा हिरवा भाग खरवडते, मग पान पांढरं पडतं. दिसायला फार वाईट दिसतं. पण त्या वयातलं भात नवी पानं काढतं आणि सावरतं. थोरलीला एवढा दम कुठला! त्यात बांधावरून तोफखाना ओरडला, "वहिनी, जाऊ आल्यावर तिला काय दाखवणार, पेंढा?"

थोरलीने फोन हातात घेतला. पोरीला कळा येत असतील, अशा वेळी कुठे धाकटीच्या जिवाला घोर लावायचा, असं पुटपुटत खाली ठेवला. मग तिने माझ्यात एक नाही, दोन औषधं ओतली. "एकाने नाही मेली तर दुसऱ्याने मरेल," म्हणाली. कालव्याचं पाणी घाईघाईत न गाळताच भरलं आणि निघालो आम्ही दोघं त्या खाचराकडे.

मित्रांनो, मला त्या दिवशी आनंद झाला होता. हेच मला सर्वांत जास्त टोचतं. बंद दार उघडल्यासारखं वाटत होतं मला. अळी मेली, खोटं कशाला बोलू. पण पानापानांत जाळी विणून बसलेले कोळी होते, चिमुकले ढालकिडे होते, पाण्यावर पळणारे किडे होते. भाताला त्रास देणाऱ्यांना खाऊन जगणारी ही मंडळी. धाकटीचे बिनपगारी राखणदार. माझ्या फवाऱ्याखाली ते पटापट पाण्यात पडत होते आणि मी आपला जोरात फुसफुसत होतो.

शेवटच्या कोपऱ्याशी पोचलो आणि माझं तोंड तुंबलं. पाण्याबरोबर आलेला कुजक्या पानाचा तुकडा नोझलमध्ये अडकला होता. थोरलीने मला हलवलं, थोपटलं, बांधावर आपटलं. "मेल्या, आत्ताच तुला मरण यायचं होतं?" अंधारायला लागलं होतं. कोपरा तसाच टाकून ती घरी आली आणि मला धुवायचा कंटाळा करून भिंतीला टांगून मोकळी झाली.

पहिले काही दिवस खाचर असं टवटवीत दिसलं की थोरली स्वतःवरच खूश! मग तपकिरी तुडतुडे आले. तांदळाच्या दाण्याहून लहान किडा. तो वर पानावर नाही, खाली बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो आणि रस शोषतो. येतो तो दरवर्षीच, पण कोळी त्याला वाढू देत नाहीत. आता खायला कोणी नव्हतं. मग काय, मोकळं रान मिळालं त्याला. भात आधी पिवळं पडलं, मग गोल गोल जागी करपलं, आग लागून विझल्यासारखं. करायला गेलो काय नि उलटे झाले पाय!

"परत मारा," तोफखाना म्हणाला. थोरलीने मला भिंतीवरून काढलं आणि तेवढ्यात दारात धाकटी उभी. पिशवी ओट्यावर ठेवून ती तशीच शेताकडे गेली. मागोमाग थोरली, मला पाठीवर घेऊनच. ठेवायचंही भान नव्हतं तिला.

धाकटीने वाकून भाताचा एक चूड, म्हणजे रोपांचा झुबका, बाजूला केला, बुंध्यावर हलकेच चापट मारली. तुडतुडे पाण्यात कोंड्यासारखे पडले.

"कोळी कुठे गेले, जाऊबाई?"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. "औषध मारलं मी. दोन मिसळून. तुझ्या भल्यासाठीच गं! या मेल्या पंपाला आता दगडावर घालते बघ."

"त्याला कशाला? तो काय आपल्या पायांनी चालत आला?"

मित्रांनो, मला वाटलं, फोडलं असतं तर बरं झालं असतं.

मग धाकटीची नजर त्या कोपऱ्याकडे गेली. तिथलं भात हिरवं होतं. पानं थोडी पांढरी, पण उभं. आणि पानांत जाळी होती. तिचे डोळे भरून आले. "हा कोपरा तुम्ही राखलात? माझ्यासाठी?"

थोरलीला बुडताना काडी सापडली. "हो गं. म्हटलं, राहू दे तेवढा."

मी तिच्या पाठीवर होतो. तिची पाठ घामाने थंडगार झालेली मला कळली. आणि मी, तोंड तुंबलेला साक्षीदार, काय बोलणार?

तुडतुड्याला ओल आणि सावली लागते, म्हणून दोघींनी खाचरातलं पाणी काढून टाकलं, ओळी दोन्ही बाजूंना सारून मधे वारा खेळेल अशी जागा केली. करपलं ते करपलं, पण कोपरा वाचला. दुसऱ्या दिवशी धाकटीने मला साबणाने धुतलं आणि माझं नोझल खोललं. पानाचा तुकडा तिच्या तळहातावर पडला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग फेकून दिला, नोझल घट्ट बसवलं आणि कोणाला काही बोलली नाही.

उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या माहेरचं बी जाऊबाईंनी वाचवलं." लोक म्हणायचे, "जाऊ असावी तर अशी!" थोरली मान खाली घालून गोठ्यात निघून जायची. खाई त्याला खवखवे! बोलण्यातला फटकळपणा गेला, तोफखान्याशी बांधावरच्या गप्पासुद्धा बंद झाल्या. माझ्याजवळून जाताना ती मान फिरवायची. मला तिची कीव यायची आणि माझी लाज.

पुढच्या हंगामात रोपांसाठी वाफा तयार झाला. गोठ्यासमोरच होता तो, मला सगळं दिसत होतं. धाकटीने बियांचं सूप थोरलीपुढे धरलं. "तुम्ही वाचवलंत, तुमच्याच हाताने पेरा."

थोरलीने सुपात हात घातला आणि तो तसाच राहिला. "मी नाही वाचवलं गं. नोझल तुंबलं होतं. नाहीतर तोही कोपरा मारला असता मी. खोटं बोलले तुझ्याशी."

"ठाऊक आहे. पानाचा तुकडा मीच काढला."

"अगं मग बोलली का नाहीस? किती छळलंस मला!"

"आणि तुम्ही मला?" धाकटीने सूप मागे घेतलं. "रोज वाटायचं, आज सांगाल, आज सांगाल."

थोरली वाफ्याच्या कडेलाच मटकन बसली आणि रडली. धाकटीने तिला रडू दिलं. मग सूप पुन्हा पुढे केलं. "घ्या. आता पेरा."

थोरलीने पेरलं. तिचं ओझं त्या दिवशी उतरलं. मला मात्र अजून कोणी विचारलेलं नाही, की तुला काय वाटतं रे? म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे. इतर वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी कोणत्या तोंडाने म्हणू? तुमच्या शेतात कीड दिसली, तर मला पाठीवर घ्यायच्या आधी खाली उतरा. भाताचे चूड बाजूला करा, बुंध्याशी बघा, कोण खातंय आणि कोण राखतंय ते ओळखा. खरंच गरज पडली तर मी आहे, एक औषध, बेताचं, आणि काम झाल्यावर मला धुवा. पण कोळी दिसले, तर हात जोडून सांगतो मित्रांनो, मला नेऊ नका.