एकसष्ट टी-शर्टांचा धूर

हिवाळा आला की आमच्या वस्तीत घरोघरी खोकला सुरू होतो आणि त्यामागोमाग खोकल्यावरचे उपाय. कुणी गरम दुधात मेंढीची चरबी घालून पाजतं, कुणी ती छातीला चोळतं. कुणी थंड पाण्याला दोष देतं, तर कुणी सुनेला. खोकला येतो कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. किर्गिझस्तानच्या राजधानीच्या, बिश्केकच्या कडेला राहायचं म्हणजे खोकायचंच, असं आम्ही सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलं आहे!

तुर्दुमामतच्या घरी त्याची चार वर्षांची नात सेझिम महिनाभर खोकत होती. तुर्दुमामत टी-शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर. कापडाचे शंभर थर एकावर एक रचून तो मशीन फिरवायचा, पण रेघ केसभरही हलायची नाही. त्याला एकच शौक होता. नवा नमुना निघाला की त्याचा पहिला टी-शर्ट तो मालकाला सांगून घरी आणायचा. त्याची बायको बुरुल त्याच कारखान्यात शिलाईला होती, आणि तो पहिला नग नेहमी तीच शिवायची. तेवीस वर्षांत असे एकसष्ट टी-शर्ट जमले होते. बुरुलच्या लग्नातल्या संदुकीत ते घडी घालून ठेवलेले असत.

पाहुणा आला की चहानंतर संदूक उघडणार, हे ठरलेलं! "हा निळा बघा. यावरची अक्षरं उलटी छापली गेली. सगळा माल परत आला, आणि त्या वर्षी आमची अख्खी वस्ती उलटी अक्षरं घालून हिंडत होती! हा पिवळा दंगलीच्या वेळचा. बाहेर दुकानं फुटत होती आणि आम्ही तीन दिवस आत कोंडून शिवत बसलो होतो. आणि हा पांढरा आहे ना, हा शिवता शिवता बुरुलला कळा सुरू झाल्या. तरी बाई म्हणते कशी, थांबा, एवढी बाही लावते!" सगळ्यात शेवटी हिरवा निघायचा. तो दाखवताना मात्र तुर्दुमामत बाहीच्या काठावरची दुहेरी टीप बोटाने चाचपत बसायचा. तो बुरुलने शिवलेला शेवटचा. दोन वर्षांपूर्वी ती छातीच्या दुखण्याने गेली.

आता या माणसाची दुसरी सवय सांगतो. दर शुक्रवारी तो कारखान्यातून चिंध्यांच्या दोन गोण्या घरी आणायचा. कोळसा महाग, चिंध्या फुकट. तो एकटाच नव्हे, आमची अर्धी वस्ती चिंध्या जाळायची. मीही जाळल्या आहेत, खोटं कशाला बोलू?

शेजारी साइराकानबाई राहायच्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी वस्ती त्यांना एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची आणि त्यांच्या जिभेला भ्यायची.

"तुर्दुमामत, पुन्हा गोण्या?" त्या कुंपणापलीकडून ओरडायच्या.

"सुती आहे एजे, निव्वळ कापूस!"

"अन् ओढलं की ते कापड लांबतं, कापसाचं बोंड लांबतं का कधी? निम्मं प्लास्टिक आहे त्यात. विष आहे विष!"

"एजे, शाळा सोडून बारा वर्षं झाली. आता तरी फळा पुसा!"

गल्ली हसायची, गोण्या आत जायच्या.

एका रविवारी दुपारी, अंगणातल्या न्हाणीघराची भट्टी तापवायला तुर्दुमामत बसला होता. सून नुरझामालच्या माहेरची माणसं यायची होती. अंघोळीला गरम पाणी हवं, वाफ हवी. तो आचारी भाजी ढकलतो तसा, न बघता, गोणीतून मूठ मूठ काढून आत कोंबत होता. एक गोणी संपली. दुसरी ओढली. तीही तळाला आली.

तेवढ्यात आतलं काहीतरी पेट घेताना उलगडलं. हिरवी बाही! बाहीच्या काठावर दुहेरी टीप!

अशी टीप फक्त एकच बाई मारायची.

"बुरुल!" तो किंचाळला आणि त्याने उघडा हात आगीत घातला. हातात आलं ते वितळून चिकटणारं काळं काहीतरी. कातडी सोलवटली तरी त्याने मूठ सोडली नाही. नुरझामाल धावत आली, गोणी बघितली आणि मटकन खाली बसली.

"बाबा... संदुकीवर पाहुण्यांच्या गाद्या रचायच्या होत्या. भिंतीला ओल आली होती, म्हणून संदूक रिकामी करून पुढे ओढली आणि टी-शर्ट स्वच्छ गोणीत भरले. पडवीत ठेवले होते..."

"चिंध्यांच्या गोण्यांशेजारी? डोळे फुटले होते तुझे?"

"माझे?" ती रडतच म्हणाली. "बाबा, गोणीत हात तर तुम्ही घातला होता! आत काय आहे ते तुम्ही कधी बघता?"

गोणीत नऊ टी-शर्ट उरले होते. बावन्न गेले होते, त्याच्याच हाताने!

आरडाओरडा ऐकून साइराकानबाई आल्या. त्यांनी आधी त्याचा हात थंड पाण्यात धरला. तेवढ्यात सेझिम खोकत दारात आली. पांढऱ्या बर्फावर काळे कण पडत होते. तिने एक तळहातावर घेतला.

"चोन-आता," आजोबाला हाक मारत ती म्हणाली, "बघा ना, बर्फ काळा पडतोय!"

"एजे, माझे टी-शर्ट गेले हो," तुर्दुमामत हुंदके देत होता.

"गेले? कुठं गेले?" बाईंचा आवाज आज चढला नाही. "धुरांड्यातून निघाले अन् इथंच उतरले. या पोरीच्या छातीत, माझ्या छातीत. दर आठवड्याला उतरतात. आजचे तुझ्या ओळखीचे होते, म्हणून तुला दिसले, एवढंच!"

तो नातीच्या तळहाताकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो सेझिमला घेऊन दवाखान्यात गेला. दारापर्यंत रांग होती, बायका पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तरुण डॉक्टरणीने सेझिमची छाती तपासली आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरी भट्टीत काय जाळता?"

"कोळ..."

शब्द अर्धाच राहिला. हाच प्रश्न त्याला आधीही विचारला गेला होता. तेव्हा बुरुल शेजारी बसून धापा टाकत होती. चिंध्या म्हटलं तर लोक भिकारी समजतील, म्हणून त्याने रुबाबात सांगितलं होतं, "कोळसा." बुरुलने एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं आणि नवऱ्याची अब्रू राखायला गप्प राहिली होती. घरची भट्टी रोज तीच पेटवायची. खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का? कुणास ठाऊक! पण डॉक्टरने निदान भट्टी विझवायला सांगितलं असतं. तेवढी संधी त्याने तिला दिली नव्हती.

"चिंध्या," तो मोठ्याने म्हणाला. "आम्ही चिंध्या जाळतो. अकरा वर्षं जाळतोय. बायको गेली तेव्हा मी खोटं बोललो होतो."

डॉक्टरणीची लेखणी थांबली. "सकाळपासून सतरा मुलं तपासली," ती हळूच म्हणाली. "सतराच्या सतरा घरी कोळसा जळतो म्हणे. खरं सांगणारे तुम्ही पहिले."

दार उघडंच होतं. रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं. मग औषधासाठी थांबलेली एक बाई उठली, मांडीवरच्या मुलाला छातीशी धरून म्हणाली, "डॉक्टर, मघाशी मी चुकीचं सांगितलं." तिच्यामागे दुसरी उठली. मग तिसरी!

तुर्दुमामतच्या घरी आता चिंधी जळत नाही. कारखान्याच्या गोण्या त्याने मालकाशी भांडून गाद्या भरणाऱ्यांकडे वळवल्या. सेझिमचा खोकला अजून पुरता गेलेला नाही. गेलेली माणसं तर परत येतच नाहीत.

बंधुभगिनींनो, गरिबीची लाज वाटून घेऊ नका. लाज वाटायची तर शेजाऱ्याच्या लेकराला धूर पाजण्याची वाटू द्या. भट्टी आपली असते, पण धूर साऱ्या वस्तीचा असतो. आणि डॉक्टरने विचारलं तर खरं सांगा. खोटं बोलून अब्रू वाचते, माणूस वाचत नाही!