टॉवेलाखालचा स्क्रीन

मित्रांनो, आयर्लंडमधल्या नास गावातल्या एका भाड्याच्या घरात, ओट्यावर टोस्टरशेजारी जो जुना स्क्रीन उभा आहे, तो मी. कपाळावर बारीकसा डोळा, पोटात बरा आवाज आणि पाठीला कायमची चिकटलेली वायर, एवढाच माझा संसार. व्हिडिओ कॉल घ्यायचा, भाताची वेळ सांभाळायची आणि पावसाचा अंदाज सांगायचा, ही माझी कामे. आयर्लंडमध्ये पावसाचा अंदाज सांगायला फारशी हुशारी लागत नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिला आठवतो तो २०२० सालचा एप्रिल. डॉक्टर मृणालिनी इथल्या रुग्णालयात भूल देण्याचे काम करते. चाळिशी ओलांडलेली, घटस्फोट झालेली, घरात एकटी. त्या एप्रिलमध्ये तिला करोना झाला. तेव्हा तिच्या भावाने पुण्यातून ऑनलाइन मला मागवले आणि माझ्यात एक खास सोय करून ठेवली. मिरजेहून आईचा कॉल आला की कोणी न उचलताही माझा डोळा आपोआप उघडायचा. मुलीला हात उचलायचे त्राण नसले तरी आईला ती दिसावी, एवढाच त्यातला हेतू.

मृणालिनीची आई लीलावतीबाई दिवस दिवस माझ्यातून लेकीचा श्वास न्याहाळत बसायच्या. "मृणू, गरम पाणी घे बघू. घेतलंस का? दाखव भांडं," असे त्यांचे चालायचे. मुलगी बरी झाली तेव्हा त्यांनी तिकडे आपल्या फोनला हळदकुंकू वाहिले. ते माझ्यापर्यंत पोचले नाही, पण इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

त्यानंतर मी ओट्यावर आलो. आपोआप उघडायची सोय मात्र तशीच राहिली. ती बंद करावी असे मृणालिनीच्या मनात अनेकदा आले. बोट सेटिंगपर्यंत जायचे आणि मागे यायचे. आईला वाईट वाटेल, हे एकच कारण. मग एकांत हवा असला की ती भांडी पुसायचा टॉवेल माझ्या तोंडावर टाकायची. मला त्याचा राग येत असे. वर्षभरापूर्वी मी हळदकुंकवाचा मानकरी होतो आणि आता माझ्या नाकावर ओला टॉवेल!

पण तिचे दिवसही काही सुखाचे नव्हते, मित्रांनो. ती दमून घरी यायची, उभ्याउभ्या जेवायची आणि टीव्ही लावून झोपून जायची. २०२१च्या उन्हाळ्यात एकदा ती माझ्यासमोरच लॅपटॉप उघडून बसली. पैसे घेऊन सोबत करणाऱ्या पुरुषांची ती वेबसाइट होती. एकाही फोटोत चेहरा नव्हता. तिच्या मनातली भीती मला तिच्या तोंडावर दिसत होती. या देशात शरीरसुखासाठी पैसे मोजणाऱ्यावर खटला होऊ शकतो. तिला कोणीतरी समोर बसून जेवायला हवे होते, हात हातात घ्यायला हवा होता. पण हे कोण मानणार? आणि आपली मराठी माणसे तर एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर बातमी पोचवण्यात पटाईत.

म्हणून तिने अटी घातल्या. लिहिता लिहिता मोठ्याने वाचायची तिला सवय होती. दारासमोर गाडी लावू नये. उग्र सेंट लावू नये. खरे नाव सांगू नये आणि विचारूही नये. निरोप वाचले की पुसून टाकावेत. पलीकडून उत्तर आले की सगळे मान्य, पण त्याचीही एकच अट आहे. फोटो नको. "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', असे पुटपुटत तिने तेच लिहून पाठवले.

तो आला. नाव सांगितले नील. दोघे इंग्रजीतून हवापाण्याचे बोलत होते. माझ्यावर टॉवेल होता. इतक्यात केटलीची वाफ त्याच्या बोटाला लागली आणि तो ओरडला, "आई गं!"

मग मृणालिनीने हळूच विचारले, "मराठी?"

"मी जाऊ का, मॅडम?" त्याने विचारले. "मला खरंच माहीत नव्हतं. नाहीतर आलो नसतो."

"आधी बोट पाण्याखाली धर. आणि चहा पिऊन जा," ती म्हणाली. मग दोघेही हसत सुटले. त्या घरात मी ऐकलेले ते पहिले मोकळे हसू होते.

त्यानंतर तो काही रविवारी आला. डब्लिनहून रेल्वेने यायचा आणि जवळच्या सॅलिन्स स्टेशनावर उतरून चालत घरी यायचा. इथे शिकायला आला होता, हॉटेलातली नोकरी टाळेबंदीत गेली होती. ती पोहे करायची, तो कांदा चिरून द्यायचा. तिने त्याला खरे नाव कधी विचारले नाही. त्यांच्यात आणखी काय होते ते मला विचारू नका. मी स्वयंपाकघरातला आहे आणि माझ्या मर्यादा मी जाणतो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले आणि मृणालिनीला रुग्णालयातून फोन आला. ती बोलत बोलत मागच्या अंगणात गेली. जाताना म्हणाली, "कप राहू दे, मी करते नंतर." पण घरी आईने लावलेले वळण! त्याने कप विसळले, कपाटाचे, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसचे, दार उघडले आणि पुसायला काही दिसते का म्हणून इकडेतिकडे पाहिले. माझ्यावरचा टॉवेल त्याने सहज ओढून घेतला. आणि त्याच वेळी मिरजेचा कॉल आला.

माझा डोळा उघडला. लीलावतीबाईंना आपल्या लेकीच्या ओट्याशी कप पुसणारा एक देखणा मुलगा दिसला.

"कोण रे तू?"

"न... नमस्कार, काकू." तोंडून मराठीच निघाले.

"मराठी आहेस होय! कप पुसतोस? बरं वाटलं बाई. नाव काय तुझं? गाव कुठलं?"

त्याने टॉवेल पुन्हा माझ्यावर टाकला. मृणालिनी आत आली तेव्हा तो बूट घालत होता. "तुमच्या आईंनी मला पाहिलं," एवढेच बोलून तो निघून गेला. मृणालिनीने ताबडतोब आईला फोन लावला आणि तो रुग्णालयातला ज्युनियर डॉक्टर आहे असे ठोकून दिले.

"असू दे गं," लीलावतीबाई खुशीत म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा जरा लहान वाटतो, पण आता कोण बघतंय? मी त्याचा फोटो काढला स्क्रीनवरून. आजारपणात तुझे काढत होते ना, तसाच. प्रभाला पाठवलाय. चौकशी केलेली बरी."

प्रभा म्हणजे मृणालिनीची मावशी. तिचा वधूवर मंडळाचा ग्रुप आहे आणि त्यात आयर्लंडातलीही मंडळी आहेत. मृणालिनी जवळजवळ ओरडलीच. "आई, काढून टाक तो. आत्ताच्या आत्ता."

"अगं, प्रभानं ग्रुपवर टाकला की आता. आणि लोकांनी पुढेही पाठवलाय. मुलाचं कळायला नको?"

मुलाचे दुपारीच कळले. लीलावतीबाईंचा पुन्हा कॉल आला तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मृणू, त्याचं नाव तनय आहे. इचलकरंजीचा. त्याच्या खोलीवर आधी राहणाऱ्या एकानं लिहिलंय, हा पैसे घेऊन बायकांकडे जातो म्हणून. त्याच्या आईलाही कोणी फोन करून सांगितलं. तू घाबरू नकोस. प्रभा लिहितेय की त्यानं तुला फसवलं. ज्युनियर डॉक्टर म्हणून सांगून घरात शिरला. तुझ्या नावाला काही लागणार नाही."

मित्रांनो, सुटकेचा रस्ता समोर उघडा होता. नुसते गप्प बसले तरी भागले असते. नोकरी, नाव, माहेर, सगळे शाबूत राहिले असते आणि तो मुलगा लबाड ठरला असता.

"त्यानं नाही फसवलं," मृणालिनी म्हणाली. "डॉक्टर आहे हे मी सांगितलं. त्याला पैसे देऊन मीच बोलावलं होतं, आई. त्याची एकच अट होती, फोटो नको. असं लिही ग्रुपवर."

"माझ्यानं हे लिहवणार नाही गं," लीलावतीबाई रडू लागल्या.

"मग मी लिहिते." आणि तिने स्वतःच्या नावानिशी लिहिले. मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्यासाठी भीतीही वाटली.

पण तनयला हे कसे कळवणार? त्याचा फोन नंबर, निरोप, सगळे तिने अटीप्रमाणे पुसून टाकले होते. वेबसाइटवरूनही तो नाहीसा झाला होता. शेवटी तिने मावशीकडून तनयच्या आईचा नंबर घेतला आणि माझ्यासमोर उभी राहून कॉल केला. पूर्णिमाबाई शाळेत शिकवतात. डोळे सुजलेले होते.

"मला राग नाही असं समजू नका," त्या म्हणाल्या. "तुमचाही आहे, त्याचाही आहे. पण तो सकाळपासून फोन उचलत नाहीये. मी त्याला खाऊचं पार्सल पाठवते, तो पत्ता देते. तुम्ही आधी जा. कॉल बंद करू नका, मी इथंच बसते."

मृणालिनी गाडी घेऊन डब्लिनला गेली. मी आणि पूर्णिमाबाई समोरासमोर राहिलो. त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत होत्या. मध्येच नाक पुसायच्या आणि पुन्हा बघायच्या.

संध्याकाळी दार वाजले. मृणालिनी त्याला घेऊन आली होती. पण तो माझ्यासमोर आला नाही. फ्रिजच्या पलीकडे, माझ्या डोळ्याला दिसणार नाही अशा जागी, जमिनीवर बसला.

"आई, मी आहे," तो म्हणाला.

"दिसत नाहीस रे."

"असू दे."

पूर्णिमाबाईंनी आग्रह केला नाही.

मित्रांनो, माझे आयुष्य आता फार उरलेले नाही. माझ्यासारख्यांना नवे अपडेट मिळत नाहीत आणि एक दिवस आम्ही उघडेनासे होतो. जाण्यापूर्वी एकच मागणे आहे. कोणाचाही चेहरा पुढे पाठवायच्या आधी त्या माणसाला विचारा. तो तुमच्या घरी पाहुणा असो, जावई होण्याजोगा असो, की पैसे घेऊन आलेला असो. आपले गुपित आपण जपतोच. समोरच्याचेही तेवढेच जपायचे असते, आणि तेच नेमके राहून जाते.

बऱ्याच वेळाने फ्रिजच्या पलीकडून आवाज आला. "आई, तो फोटो किती जणांनी पाहिला?"

मृणालिनीने मान खाली घातली. पूर्णिमाबाई पदराचे टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

"मला नाही रे माहीत, बाळा," त्या म्हणाल्या. "कोणालाच माहीत नाही."