साहेबांसाठी राखून ठेवलेलं जाकीट

साहेब, भागुबाई पाण्यात गेल्या त्याचा आळ तुम्ही नदीवर घातलात. नदीला तोंड नाही, म्हणून घातलात. पण पूल कुणी नाकारला, पाणी न सांगता कुणी सोडलं आणि मला कुलपात कुजवलं ते कुणाच्या मानासाठी, हे सगळं मला ठाऊक आहे. गुन्हेगार तुम्ही आहात. तुमचं नाव मी घेत नाही. उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसेल, आणि तोही तुमच्यासारखाच बसेल.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं नारिंगी जाकीट आहे. थंडीचं नव्हे. होडीतून जाताना माणसानं बुडू नये म्हणून छातीवर बांधतात, ते. माझा जन्म इथला नाही. आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे, तिथं म्वांझा गावाच्या कडेला समुद्राएवढं तळं आहे. त्या तळ्यावर चालणाऱ्या होड्यांसाठी मला शिवलं. आपल्या सावरीसारखं एक झाड तिकडं होतं. त्याच्या बोंडातला तेलकट कापूस पाणी अंगाला लागू देत नाही. तो पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, वरून जाड कापड शिवलं आणि बांधायला बंद लावले. माझ्यासारखंच आणखी एक जाकीट त्याच दिवशी तयार झालं. आम्हा दोघांना एका जोडप्यानं विकत घेतलं.

ते जोडपं आपल्याकडचंच. जालिंदर दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर होता. बहात्तर साली तिकडच्या रेल्वेची इंजिनं दुरुस्त करायला तो गेला आणि बायकोला, रंभाला, घेऊन गेला. रंभाचं माहेर भीमेच्या शिरूरकडच्या काठावर, बौद्धवस्तीत. नदीच्या पलीकडं दौंड तालुका. एवढ्या पाण्याशेजारी वाढली, पण तिला पोहता येत नव्हतं. गावच्या घाटावर पोहण्याचा मान पहिला पोरांचा, मग म्हशींचा. बायांनी तिथं धुणं धुवायचं आणि पाण्याला भ्यायचं.

सुट्टी लागली की ही दोघं घरात थांबत नसत. पहिल्याच सुट्टीत ती तळ्यातल्या एका खडकाळ बेटावर निघाली. होडीवाल्याचं नाव जुमा. त्यानं आम्हाला दोघांच्या पुढ्यात टाकलं आणि हाताची घडी घालून बसला. बांधल्याशिवाय वल्हं उचलणार नाही म्हणाला.

"मला कशाला जाकीट?" जालिंदर फुगून म्हणाला. "मी भीमेत पवलेला माणूस हाय."

"बांधा की गप," रंभा म्हणाली. "हितं तुमच्या भीमेला कोण वळखतंय?"

जालिंदरनं मला बांधलं नाहीच, उलट खाली घेऊन माझ्यावर बसला. तशी जुमानं मला त्याच्या बुडाखालून ओढून काढलं. माझ्यातली पिशवी दोन बोटांत दाबून दाखवली, मग मान एका बाजूला टाकून मेल्याचं सोंग केलं. यावर बसलात तर पिशवी फुटते, कापूस पाणी पितो, आणि मग हेच माणसाला खाली नेतं, असं तो तिकडच्या भाषेत आणि हातवाऱ्यांनी सांगत होता. रंभाला ते लगेच समजलं. तिनं मला उचललं आणि स्वतःच्या छातीवर बांधलं. तेव्हापासून मी तिचा झालो.

मित्रांनो, ते दिवस मी विसरलेलो नाही. बेटावर तंबू ठोकायचा, तळ्यातली बारीक मासळी सुकटीसारखी तिखटमीठ लावून परतायची, खडकावर बसून खायची. रंभा मला बांधून काठाकाठानं हात मारायला शिकली, मग मला काठावर ठेवूनही पोहू लागली. एकदा आमची होडी शांत पाण्यातून चालली असताना खालून कुणीतरी पाठ घासली. जुमाचा चेहरा राखेसारखा झाला. पाणघोडा होता. तो श्वास घ्यायला वर आला, त्यानं आमच्याकडं पाहिलं, आणि जुमाच्या हातातलं वल्हं काडीसारखं मोडून खाली गेला. जालिंदर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. रंभा म्हणाली, "अवो, त्याला सांगा ना, तुम्ही भीमेत पवलेला माणूस हाय म्हणून!"

तिकडच्याच उसांबाराच्या डोंगरात दोघं चढायला गेली, तेव्हाही तिनं मला पिशवीत घातलं. "डोंगरावर कुठलं आलंय पाणी?" जालिंदर म्हणाला. ती म्हणाली, "असू द्या. ऱ्हातंय बरोबर." आणि घळीतला ओढा वरच्या पावसानं असा आला, की ती मला बांधून, दोराला धरून कशीबशी पार झाली. पाणी वरून येतं आणि खालच्यांना सांगून येत नाही, हे तिनं तिथं पाहिलं. मीही पाहिलं.

शेवटच्या वर्षी तळ्यावर वादळ झालं. आमची होडी उलटली. रंभा आणि जालिंदर एकमेकांचे बंद धरून तरंगत राहिले, लाटा डोक्यावरून जात राहिल्या. तिनं माझ्यावर पूर्ण भार टाकला होता. काठाला लागल्यावर तिनं मला पिळलं, वाळत घातलं आणि माझ्यावरून हात फिरवला. माझ्या आयुष्यात मला एवढीच शाबासकी मिळाली. ती पुष्कळ झाली. पण त्याच दिवशी तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. जाकीट अंगावर असलं की माणूस बुडत नाही, ही. मला आजही वाटतं, तिनं एवढा विश्वास टाकायला नको होता.

शहात्तर साली दोघं परत आली. जालिंदरचं जाकीट जुमाला दिलं, मला रंभानं सोबत आणलं. जालिंदर पुन्हा दौंडच्या शेडमध्ये लागला. रेल्वे कॉलनीत खोली मिळाली. पहिल्याच रविवारी रंभा आईला, भागुबाईंना, भेटायला नदीवर आली, आणि पलीकडं जायचं साधन बघून मी गार पडलो.

ती होडी नव्हती. काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस उकळतात ती पसरट लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद असलं की तीच काहील नदीत सोडायची आणि बायामाणसं तिच्यात कोंबायची, ही तिथली रीत. तिला ना टोक, ना सुकाणू. जरा कुणी हललं की गरागरा फिरते. काहील पोपटरावांची. पोपटराव म्हणजे गावचे पुढारी, सोसायटी त्यांची, गुऱ्हाळ त्यांचं. वल्हं मारायला म्हाळू नावाचा त्यांचा गडी. दौंडकडची एस.टी. पकडायची तर दुसरा मार्ग नाही. लांबच्या पुलावरून वळसा घालायचा तर दिवस मोडतो.

रंभानं सगळ्यांदेखत मला छातीवर बांधलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"आगं बया, नारिंगी नवरी आली!" कुशाबाई म्हणाली. ती वस्तीवरचीच, भागुबाईंची शेजारीण. "नवरा कुठं सोडलास?"

"हसा," रंभा म्हणाली. "तिकडं होडीत बसंल त्या परत्येकाला ह्ये बांधत्यात. त्याबिगर होडी हलत न्हाई. आन् आपण कढईत बसतोय, भज्यासारखं."

हसणं थांबलं. त्या दिवसापासून काहिलीत ज्या बाईला जास्त भीती वाटेल, तिला ती मला बांधू लागली. रविवार सोडून मी म्हाळूच्या खोपटात, खुंटीला असायचो. आणि बायांनी पुलाची मागणी लावून धरली. अर्ज केले, तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसल्या. शेवटी साहेब, तुम्ही पाहणीला आलात.

आठवतंय का? तुम्ही जीपमधून उतरलात, काहील पाहिलीत आणि दोन पावलं मागं सरलात. पोपटराव पुढं झाले. "काळजी नगं सायेब. फॉरेनचं जाकीट हाय की आपल्याकडं." त्यांनी मला खुंटीवरून काढलं, गुपचूप गोमूत्र शिंपडलं आणि तुमच्या अंगावर चढवलं. बंद म्हाळूनं बांधले. तुम्ही मधोमध बसलात. मागं बाया होत्या, कडेवर पोरं होती. त्यांच्या अंगावर लुगडं सोडून काही नव्हतं. तुमची छाती धडधडत होती साहेब. मी तिच्यावरच होतो, मला ऐकू येत होतं. परत येताना तुमची भीती गेली. काहिलीचा पत्रा तापला होता, म्हणून तुम्ही मला सोडून खाली घातलंत आणि माझ्यावर बसलात. माझ्या पोटातली एक पिशवी तेव्हाच फुटली.

काठावर उतरून तुम्ही म्हणालात, "सोय चांगली आहे. जाकीटसुद्धा आहे. पुलाचं पुढं बघू."

एक जाकीट खुंटीला दिसलं आणि तुम्ही पूल खोडलात. माझ्या जन्माचा असा उपयोग होईल, हे त्या शिवणाऱ्याला स्वप्नातही आलं नसेल.

पोपटरावांना माझी किंमत कळली ती त्या दिवशी. त्यांनी म्हाळूला बजावलं, "ह्ये आता बायांच्या हाती दिऊ नगंस. सायेब लोक येत्यात. त्येंच्यासाठी राखून ठेव." मला गुऱ्हाळाच्या कोठीत टाकलं आणि कुलूप लावलं. माझ्यावर गुळाच्या ढेपा रचल्या. पिशव्या चिरडल्या. गुळाला मुंगळे आले, मुंगळ्यांमागून उंदीर आले. त्यांनी माझं पोट कुरतडलं. बाहेरून मी तसाच नारिंगी दिसत होतो. रंभानं रविवारी येऊन कितीदा मागितलं. दर वेळी एकच उत्तर मिळालं, किल्ली पोपटरावांकडं आहे आणि पोपटराव तालुक्याला गेले आहेत. असं वर्षावर गेलं.

मग अठ्ठ्याहत्तरचा भाद्रपद आला. भागुबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना दौंडला डॉक्टरकडं न्यायला रंभा आदल्या दिवशीच वस्तीवर येऊन राहिली होती. सकाळी नदी भरली होती, पण संथ होती. मला ती संथ नदी आवडली नाही. काठावरचे बगळे उठून गेले होते. रंभा थेट गुऱ्हाळावर आली. पोपटराव दारातच होते.

"आबा, जाकीट द्या. आईला दिसत न्हाई."

"रंभे, ते सायबांचं हाय."

"सायबांचं? मी आफ्रिकेतनं आणलंय. तुमचा सायेब गेला हुता का तिकडं?"

"तोंड लई चालाय लागलंय तुजं. जाकीट घालून काय समिंदरात निघालीस? नदी तर हाय."

"कुलूप काढा, न्हाईतर दगडानं फोडते."

मागं बाया जमल्या होत्या. पोपटरावांनी किल्ली फेकली.

मला ढेपांखालून ओढताना तिचा हात क्षणभर थांबला. मी जड झालो होतो, चिकट झालो होतो. तिनं गूळ पुसला आणि कडा ओढून बघितल्या. वरचं कापड धड होतं. आत बघायला ते उसवावं लागलं असतं, आणि म्हाळू हाका मारत होता. मित्रांनो, मला जीभ असती तर मी तिथंच किंचाळलो असतो. तिनं मला भागुबाईंच्या छातीवर बांधलं.

"आगं, म्हातारपणी मला काय नवरी करतीस?" भागुबाई म्हणाल्या.

"गप बस. आता बुडते म्हणलीस तरी बुडायची न्हाईस."

काहील मधल्या धारेला आली आणि म्हाळूचं वल्हं थांबलं. वरून आवाज येत होता, मालगाडी पुलावरून जावी तसा. वरच्या धरणाचं पाणी सोडताना काठच्या गावांना आधी कळवायचं असतं. साहेब, ते काम तुमच्या कचेरीचं. त्या दिवशी दवंडी झाली नाही, माणूस आला नाही. गढूळ पाण्याची भिंत आली, काहील दोनदा फिरली आणि पालथी झाली.

रंभा वर आली तेव्हा तिला दोघी दिसल्या. एकीकडं कुशाबाई, रिकाम्या हातांनी पाणी मारणारी. दुसरीकडं आई, नारिंगी जाकिटात. रंभानं आईकडं पाहिलं आणि ओरडली, "आये, हलू नगंस! तरंगत ऱ्हा, मी आलेच!" आणि ती कुशाबाईकडं वळली.

तिचं काही चुकलं नाही. जिच्या अंगावर काही नाही, तिला आधी धरायचं. मी नीट असतो तर दोघी वाचल्या असत्या.

भागुबाई हलल्या नाहीत. लेकीनं सांगितलं म्हणून हातसुद्धा मारला नाही. तोवर मी पाणी पीत होतो. फाटक्या पिशव्यांतून, कुरतडलेल्या पोटातून घटाघटा पीत होतो. "रंभे, ह्ये वढतंय गं," एवढंच त्या बोलल्या. मग मी त्यांना घेऊन खाली गेलो. बाकीच्या बायांना बाभळीची झाडं सापडली, म्हाळूला काहील सापडली. कुशाबाईला काठावर टाकून रंभा फिरली, तेव्हा पाण्यावर काही नव्हतं.

आम्ही खालच्या वळणावर सापडलो. तिनं माझी गाठ स्वतःच सोडली. तिनंच मारली होती.

मित्रांनो, जीव वाचवणारी वस्तू मानासाठी राखून ठेवू नका. ती वापरा, उन्हात वाळवा, उसवून बघा. आणि एक वस्तू भिंतीला टांगून कुणी म्हणालं की सगळ्यांची सोय झाली, तर त्याच्यासमोरून हलू नका. रंभा हललेली नाही.

काल ती कचेरीत आली आणि मला तुमच्या टेबलावर ठेवलं. माझ्यातून अजून पाणी गळतंय. तुमचे कागद भिजले, तशी तुम्ही शिपायाला हाक मारलीत. मग तिला समजावलंत, "बाई, नदीपुढं कुणाचं चालतं? तुमच्या आईंना जाकीट घातलेलं होतं. सरकारनं आणखी काय करायचं?"

आज ती पुन्हा आली आहे. दारात वस्तीवरच्या बाया आहेत, जालिंदर आहे, कुशाबाई आहे. रंभानं मला दोन्ही हातांनी उचलून तुमच्यापुढं धरलंय.

"सायेब, सोय झाली म्हणता ना? मग ह्येच जाकीट बांधा आन् चला काहिलीत. बाया वाट बघत्यात. येता का न्हाई, तेवढं सांगा."

खिडकीबाहेर काय बघताय साहेब? तिच्याकडं बघा. येता का?