ही बोटं जोडायची नाहीत

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. जुनं म्हटलं की तुम्ही लगेच चेहरा पाडून ‘अरेरे’ म्हणाल. खबरदार! माझी कीव करायची नाही. माझ्यात दोन बायका आहेत आणि दोघी मिळून एका चादरीची घडी घालताहेत. झालं, एवढाच माझा विषय. पण एवढ्यावरही भल्याभल्यांनी अकलेचे तारे तोडले आहेत.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. त्या घरात दोन जावा राहायच्या. कधीतरी शिलाईच्या यंत्रावरून त्यांची जुंपली आणि दोघींनी अबोला धरला. पुढे यंत्र मोडीत गेलं, पण अबोला काही मोडला नाही. एकाच स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून उभ्या असायच्या आणि मोठीच्या लेकीला मध्ये घालून बोलायच्या. “सांग तुझ्या काकूला, दूध उतू चाललंय.” काकू तिथेच हाताच्या अंतरावर! “सांग तुझ्या आईला, मला डोळे आहेत.” त्या पोरीचा नुसता टपालवाला झाला होता.

पण चादर मोठी होती आणि तिची घडी एकटीला घालता येत नव्हती. म्हणून वाळलेल्या चादरी काढायच्या वेळी दोघी अंगणात यायच्या. न बोलता टोकं धरायच्या, झटकायच्या, ताणायच्या. मग मोठी चालत पुढे यायची आणि आपल्याकडचे कोपरे धाकटीच्या हातात द्यायची. लेक पायरीवर बसून हे बघायची.

ती लेक मोठी होऊन चित्रकार झाली. आई गेली, अबोला तसाच राहिला, आणि त्यानंतर तिने मला काढलं. घरातलीच एक जुनी चादर तिने लाकडी चौकटीवर ताणून ठोकली. होय, माझं अंग म्हणजे तीच चादर. तिने आई काढली, काकू काढली, पुढे केलेले हात काढले. दोघींची बोटं आता एकमेकींना लागणार, अशा ठिकाणी येऊन ती थांबली. मधल्या बोटभर जागेला तिने रंगच लावला नाही. तिथे कोरं कापड राहिलं. ती कितीतरी वेळ बघत बसली, मग ब्रश धुऊन टाकला. मी पूर्ण झालो होतो.

पुढे मी एका चित्रसंग्रहालयात गेलो. सुरुवातीला माझं काय कौतुक! पहिल्या व्यवस्थापकांनी माझ्याखाली पाटी लावली, ‘शोक’. का, तर चादर पांढरी होती! लोक माझ्यासमोर येऊन आवाज खाली करायचे. एक बाई तर डोळे पुसून गेल्या. दुसऱ्या व्यवस्थापकांना शोक आवडेना. त्यांनी पाटी बदलली, ‘श्रम’. आता लोक दोघींच्या दंडांकडे बघून माना डोलवू लागले. मित्रांनो, चित्र तेच, बायका त्याच! लोक आधी पाटी वाचायचे आणि मग तिच्यात लिहिलेलं माझ्यात शोधायचे. मला बघायचं कोणी नावच काढेना. मग श्रमांचाही कंटाळा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. शेजारी मोडक्या खुर्च्या. धूळ बसली, एका कोपऱ्याला ओल लागली. पण मी मान खाली घातली नाही. माझ्यात जे होतं ते होतंच.

अलीकडे तिसरे व्यवस्थापक आले. त्यांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि मोठ्या दालनासाठी नवी पाटी करून घेतली, ‘सलोखा’. पत्रकंही छापून झाली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की सलोख्यातल्या बायकांची बोटं एकमेकींना लागतच नाहीत.

तुम्ही म्हणाल, पाटी बदलली असेल. छे! साहेबांनी चित्रच बदलायचं ठरवलं.

“इथला रंग उडालाय,” ते दुरुस्तीवाल्या बाईंना म्हणाले. “भरून टाका. बोटं जोडा.”

बाईंनी भिंग लावून पाहिलं. “साहेब, रंग उडाला की कडा तुटक्या दिसतात. इथे कडा साफ आहेत. ही जागा मुद्दाम सोडलेली दिसते.”

“अहो बाई, पाटी तयार आहे!”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणे पाटी तयार आहे! उद्या पाटीवर ‘घोडा’ लिहाल, मग काय मला शेपूट काढाल? मी ओरडलो असतो, पण आम्हा चित्रांना तोंड काढतात, आवाज नाही काढत.

माझी चित्रकार आता हयात नाही, म्हणून साहेबांनी संमतीसाठी काकूंना बोलावलं. होय, त्याच काकू, माझ्यातल्या धाकट्या. काठी टेकत आल्या, पाठ वाकलेली. मला वाटलं, आता ही बाई साहेबांना चांगलं खडसावेल. तर काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

“जोड गं बाई,” त्या खाली बघत म्हणाल्या. “जन्मभर मी तोंड फिरवून बसले. ती गेली, तेव्हाही बोलले नाही. निदान चित्रात तरी मिटू दे आमचं.”

मला त्यांचं वाईट वाटलं, खूप वाटलं. तरीही मी मनात म्हणालो, नाही. म्हातारीच्या समाधानासाठीसुद्धा मी खोटं बोलणार नाही.

बाईंनी रंग कालवला, ब्रश उचलला. मग म्हणाल्या, “काकू, एकदा जवळून बघून घ्या. कोऱ्या कापडात रंग मुरला, की तो परत निघत नाही.”

काकू पुढे आल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच मला बघितलं. बघता बघता त्यांचे दोन्ही हात वर आले, चिमटीत कोपरे धरल्यासारखे. काठी खाली पडली, तिचंही त्यांना भान राहिलं नाही.

“थांब गं,” त्या म्हणाल्या. “नको.”

“का हो?” साहेबांनी विचारलं.

“कोपरे माझ्या हातात दिले, की ती पाठ फिरवून आत जायची. दर वेळी. बोटं लागली की संपलं.” काकूंनी मधल्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं. “इथे अजून ती माझ्याकडे येतेय. येऊ दे तिला.”

बाईंनी ब्रश खाली ठेवला. मित्रांनो, हा अर्थ मलासुद्धा ठाऊक नव्हता.

“मग पाटीवर लिहू काय?” साहेब कुरकुरले.

“दोन बायका चादरीची घडी घालताहेत, असं लिही. तेवढं सगळ्यांना दिसतंय,” काकू म्हणाल्या. “पुढचं ज्याचं त्याला बघू दे.”

आता मी मोठ्या दालनात आहे. तुम्ही जरूर या. मला हात लावू नका, ओल्या भिंतीला टांगू नका, एवढी काळजी तर घ्याच. पण त्याहून मोठी काळजी सांगतो. माझ्यासमोर उभं राहून कोणी तुम्हाला झटपट अर्थ सांगू लागलं, तर त्यांना म्हणा, “जरा थांबा, मी अजून बघतोय.”