निळं, करडं आणि न विचारलेला प्रश्न

ऑफिसात मला पासबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागेच. पण मला नीट ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. पाच वर्षांपूर्वी मी एक कोअर राऊटर तपासला, सगळ्या रकान्यांत ‘पास’ लिहिलं, खाली झोकात सही ठोकली, आणि बसवल्याच्या पहिल्याच दिवशी तो चाळीस मिनिटं आडवा झाला. कोअर राऊटर म्हणजे आमच्यासारख्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा मुख्य चौक. घराघरांतून निघालेला प्रत्येक मेसेज, प्रत्येक व्हिडिओ तिथे येतो आणि कुठे वळायचं ते तिथे ठरतं. त्या दिवशी अर्ध्या शहराचं इंटरनेट बंद पडलं आणि मला हे नाव चिकटलं.

आता तो राऊटर बदलायचा होता. दोन कंपन्यांनी आपापलं यंत्र आमच्या लॅबमध्ये आणून ठेवलं होतं. एक निळं, एक करडं, दोन्ही कपाटाएवढी, आणि दोघांचे पंखे असे घोंघावायचे की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. मोठ्या साहेबांचा जीव निळ्यावर. करडं नावडतीचं, त्यामुळे त्याचं मीठ अळणी. निळ्याचा पंखा वाजला की साहेब म्हणायचे, “काय दमदार आवाज आहे!” करड्याचा वाजला की, “किती ही कटकट!”

“बाई, या वेळी चुकलात तर स्टोअरमध्ये केबली मोजायला बसवीन हं,” असं म्हणून साहेब हसले. मी हसले नाही. सतरा वर्षं मी ही लॅब सांभाळली आहे आणि केबली मोजायची मला अजिबात हौस नाही.

आमच्या धंद्यात एक मजेशीर पद्धत आहे. यंत्र विकणारी कंपनीच चाचणीचे प्रश्न सोबत घेऊन येते. म्हणजे पेपर विद्यार्थ्यानंच काढायचा, त्यानंच सोडवायचा, आणि मी नुसते गुण द्यायचे. निळ्या कंपनीचा इंजिनिअर कायम टाय लावून यायचा. त्याच्या पेपरात निळं पहिलं आलं. करड्या कंपनीचा इंजिनिअर भर दुपारीही जाकीट काढायचा नाही. त्याच्या पेपरात करडं पहिलं आलं. तीन दिवसांत मी दोन्ही यंत्रांना पहिला नंबर देऊन मोकळी झाले होते आणि मला काडीचंही कळलं नव्हतं.

घरी आल्यावर चहा घेताना मी हे सगळं सासऱ्यांपुढे ओकले. ते निवृत्त हेडमास्तर आहेत. राऊटर हा शब्द त्यांना आमच्या खिडकीतल्या डबीपुरता माहीत, पण परीक्षा म्हटलं की त्यांचे कान टवकारतात.

“पेपरात काय विचारलंय ते कशाला बघतेस?” ते म्हणाले. “काय विचारलं नाही ते बघ.”

“म्हणजे काय, बाबा?”

“अगं, आमचे मास्तर आपापल्या वर्गाचा पेपर काढायचे. मी पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवून तो वाचायचो. ज्या धड्यावर एकही प्रश्न नाही, तो धडा मास्तरांनी शिकवलेलाच नसायचा. मग मी वर्गात जाऊन नेमका तोच विचारायचो.”

“मुलं काय करायची?”

“मुलं मजेत असायची. घाम मास्तरांना फुटायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टायवाला आणि जाकीटवाला दोघांना समोर बसवलं आणि चेहरा शक्य तितका भोळा केला. “तुमच्या पेपरांनी माझं काही ठरेना,” मी म्हणाले. “आता असं करा, तुम्ही एकमेकांचे पेपर काढा. दहा-दहा प्रश्न. हवे तितके अवघड.”

दोघांच्या डोळ्यांत अशी चमक आली की बघत राहावं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, आणि वर गिऱ्हाइकाची परवानगी! टायवाल्यानं टाय सैल केला. जाकीटवाल्यानं, देवाशपथ, जाकीट काढलं. दुपारच्या जेवणापर्यंत दोन्ही पेपर माझ्या टेबलावर होते.

“एवढंच सांगते,” मी म्हणाले, “दोन्ही पेपर मी दोन्ही यंत्रांना देणार आहे.”

मला वाटलं होतं, हे ऐकून कुणीतरी चपापेल. कुणीच चपापलं नाही. दोघंही आरामात हसले, आणि तिथेच मला समजलं की सासरेबुवांचं गणित बरोबर आहे. आपल्या यंत्राला जे जमत नाही, ते दोघांनीही दुसऱ्याला विचारलंच नव्हतं.

मी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले. टायवाल्यानं गती विचारली होती, मेसेजांच्या बारीक बारीक तुकड्यांची गर्दी विचारली होती, मेसेज कुठे वळवायचा ते सांगणारे हजारो पत्ते एकदम बदलले तर काय तेही विचारलं होतं. पण अशा यंत्राला दोन मेंदू असतात, एक चालता आणि एक राखीव. चालता मेंदू उपटून काढला तर काय, हे त्यानं कुठेच विचारलं नव्हतं. जाकीटवाल्यानं मेंदू उपटायचा प्रश्न पहिलाच घातला होता. पत्ते बदलण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मी दोन्ही पेपर खणात ठेवले, कुलूप लावलं आणि लॅबमध्ये गेले. निळ्यातून पूर्ण वेगानं वाहतूक सुरू केली. साहेब मुद्दाम बघायला आले होते.

“आता कुठला प्रश्न?” टायवाल्यानं विचारलं.

“तुमच्या मनातला,” मी म्हणाले आणि निळ्याचा चालता मेंदू सर्रकन बाहेर ओढला.

निळ्याचे सगळे दिवे विझले. पंखे तेवढे तसेच दमदार घोंघावत राहिले. राखीव मेंदूला जाग यायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं टायवाला ‘असं कधी होत नाही’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या चालींत म्हणत होता. साहेब छताकडे बघत होते. जाकीटवाल्याला हसू आवरेना.

त्याला आवरायला मी मदत केली. करड्याकडे वळले आणि नऊ लाख पत्ते एका फटक्यात बदलून टाकले. करड्याला धाप लागली. अर्धी वाहतूक सांडली. जाकीटवाल्यानं जाकीट परत घातलं. पण पन्नास सेकंदांत यंत्र सावरलं आणि पुन्हा आपली कटकट करू लागलं.

दगडापेक्षा वीट मऊ. मी अहवाल लिहिला, करड्याची शिफारस केली, आणि छापील प्रत बढाई मारायला घरी नेली. सासऱ्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मी शाबासकीची वाट बघत उभी.

“दोनच यंत्रं?” ते म्हणाले. “जे बदलायचंय ते कुठंय?”

“ते जुनं आहे, बाबा. ते कशाला?”

“नवं जुन्यापेक्षा किती चांगलं, हे नको सांगायला? अनुक्रमणिकेत तीन धडे आहेत, सूनबाई. तू दोनच धड्यांवर प्रश्न काढलेस.”

मला राग आला. आधी त्यांचा, मग माझा. त्याच जातीचं एक राखीव यंत्र लॅबच्या कोपऱ्यात पाच वर्षं पडून होतं आणि मी त्यावर रिकामे खोके रचून ठेवले होते, ते जागा नव्हती म्हणून नव्हे. मला त्याची भीती वाटायची. हे मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सकाळी मी खोके उतरवले, धूळ पुसली आणि यंत्र चालू केलं. मेंदू उपटला तर त्यानं पापणीही लववली नाही. मग पत्ते बदलले. ते तिथल्या तिथे आडवं झालं. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि घड्याळ लावलं. अडतीस मिनिटं. पाच वर्षांपूर्वी त्या दिवशी एक मोठी लाइन तुटली होती आणि सगळे पत्ते असेच एकदम बदलले होते. यंत्राला ते जमत नव्हतं हे खरं. पण यंत्राला कुणी विचारलंही नव्हतं. विक्रेत्यानं आणलेला पेपर मी तसाच सोडवून घेतला होता.

मी अहवालात तिसरा रकाना वाढवला. त्याखाली लिहिलं: ‘हे यंत्र या प्रश्नात नापास. हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी मी विचारला नव्हता.’ आणि सही केली. या वेळी झोक जमला नाही.

साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. “हे कशाला, बाई? झाकली मूठ राहू द्या की. काढून टाका.”

“काढते,” मी म्हणाले. “पण मग न विचारलेल्या प्रश्नांवरचा सगळाच अहवाल काढावा लागेल. आणि निळं का नको, ते वरच्यांना तुम्हीच समजावून सांगा.”

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले. मग त्यांनी सही केली.

बाहेर जाकीटवाला ताटकळत उभा होता. “पासब...” तो अडखळला. “मॅडम, आम्ही पास ना?”

“पासबाईच म्हणा, सवय आहे,” मी म्हणाले. “आणि नाही. तिघंही नापास. तुम्ही जरा कमी.”

संध्याकाळी सासऱ्यांनी नवी प्रत मागून घेतली. वाचता वाचता त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्या त्या वाक्यासमोर बरोबरची खूण केली. मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी म्हणाले, “बाबा, तुमच्या पेपरात कधी काही राहून गेलं नाही?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि कप माझ्यापुढे सरकवला.

“चहा गार झालाय,” ते म्हणाले. “जरा गरम करून आण.”